सभ्य माणसांना लिहिलेले पत्र

दलित साहित्याच्या चर्चेत काळ्या अमेरिकनांच्या लेखनाचा दाखला देण्याची आपली परंपरा आता पन्नास वर्षांची झाली. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले त्यांनी ते कोठून घेतले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु या दाखल्यांमध्ये एक निवड दडलेली असते. काळी कविता आपण घेतो, काळा संताप घेतो, माल्कम एक्स घेतो. मार्टिन ल्यूथर किंगकडे मात्र आपला कार्यकर्ता जरा संशयानेच पाहतो. हा माणूस पाळक, त्यात अहिंसावादी, त्यात गांधींचे नाव घेणारा. तेव्हा त्याच्या लेखनातून आपल्याला काय मिळणार, अशी एक न बोललेली समजूत आहे. या समजुतीमुळे १९६३ च्या एप्रिलमध्ये त्याने बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र आपल्याकडे नावानेच माहीत राहिले. ते ओळीओळीने वाचले गेले नाही.

मला ते पत्र वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटते. ते शत्रूला लिहिलेले नाही. ते सभ्य, सुशिक्षित, देवभीरू आणि मनाने बऱ्यापैकी उदार असलेल्या आठ धर्मगुरूंना लिहिलेले आहे. दलित लेखकाला आयुष्यभर ज्याच्याशी गाठ पडते तो माणूस हाच आहे. काठी घेऊन येणारा विरळा असतो. 'तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण आत्ताच कशाला,' असे म्हणणारा मात्र सगळीकडे भेटतो.

आधी प्रसंग. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम हे त्या काळी वर्णभेदाच्या बाबतीत दक्षिणेतील सर्वात कठोर शहरांपैकी एक समजले जाई. काळ्यांच्या घरांवर आणि चर्चवर इतके बॉम्ब पडत की शहराचे नावच लोकांनी 'बॉम्बिंगहॅम' करून टाकले होते. तेथील काळे पाळक फ्रेड शटल्सवर्थ यांच्या संघटनेने किंगला बोलावले. एप्रिलच्या सुरुवातीला दुकानांवर बहिष्कार, उपाहारगृहांत बैठा सत्याग्रह आणि मोर्चे सुरू झाले. राज्याच्या न्यायालयाने मनाई हुकूम काढला. तो मोडून १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंग रस्त्यावर उतरला आणि पकडला गेला. त्याच दिवशीची तारीख असलेले एक निवेदन शहरातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात दिले. निदर्शने अविचारी आहेत, अवेळी आहेत, काही अंशी बाहेरच्या लोकांनी चालवलेली आहेत. हक्क नाकारले जात असतील तर न्यायालयात जावे, स्थानिक पुढाऱ्यांशी वाटाघाटी कराव्यात, रस्त्यावर येऊ नये. काळ्या समाजाने या निदर्शनांचा पाठिंबा काढून घ्यावा. आणि पोलिसांनी शांततेने परिस्थिती हाताळली याबद्दल त्यांचे कौतुक. किंगचे नाव निवेदनात कोठेही नाही. सभ्य माणसे नाव घेत नाहीत.

किंगला एकांत कोठडीत ठेवले होते. लिहायला कागद नव्हता. त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर लिहायला सुरुवात केली. मग तुरुंगात काम करणाऱ्या एका काळ्या कैद्याने आणून दिलेल्या चिटोऱ्यांवर, आणि शेवटी वकिलांना ठेवू दिलेल्या वहीवर. पत्रावर तारीख १६ एप्रिलची आहे. सुमारे सात हजार शब्दांचे हे पत्र त्या वर्षी पुस्तिकेच्या रूपाने आणि नियतकालिकांतून छापले गेले, आणि १९६४ साली त्याच्या पुस्तकात समाविष्ट झाले.

हे आठ जण कोण होते ते पाहिल्याशिवाय पत्राचा काटा कळत नाही. त्यांत एपिस्कोपल पंथाचे दोन बिशप होते, मेथडिस्टांचे दोन, कॅथलिकांचा एक साहाय्यक बिशप, एक प्रेस्बिटेरियन, एक बाप्टिस्ट पाळक आणि एक ज्यू रब्बी. याच मंडळींनी तीन महिने आधी, जानेवारी १९६३ मध्ये, वर्णविभाजन कायम ठेवण्याची गर्जना करीत गव्हर्नर जॉर्ज वॉलेस गादीवर आला तेव्हा, न्यायालयांचे निर्णय पाळा, कायदा मोडू नका, असे आवाहन केले होते. अलाबामात तेव्हा एवढे म्हणायलाही धैर्य लागे. म्हणजे हे क्लू क्लक्स क्लॅनचे लोक नव्हेत. गोऱ्या समाजात त्यांना 'काळ्यांचे कैवारी' म्हणून शिव्या खाव्या लागत होत्या.

हे पत्र मी बी.ए.च्या वर्गाला शिकवतो. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग हे आठ लोक वाईट होते का?" वर्गात हशा पिकला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. समीक्षेच्या भाषेत मांडायचा तर तो असा: ज्याच्या हेतूबद्दल शंका घेता येत नाही त्याच्यावर आरोप कसा ठेवायचा? किंगने हेतूवर आरोप केलेलाच नाही. पत्राच्या सुरुवातीलाच त्याने त्यांचा सद्‌हेतू मान्य केला आणि मग सद्‌हेतूला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. शहाणपणाचा सल्ला देणारा माणूस दुसऱ्याच्या मुक्तीचे वेळापत्रक स्वतःच्या सोयीने ठरवतो. त्याला न्यायापेक्षा सुव्यवस्था प्रिय असते. तणाव नसणे म्हणजेच शांतता अशी त्याची व्याख्या असते. उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा हा मवाळ माणूस काळ्यांच्या वाटेतला मोठा अडसर आहे, या निष्कर्षाला आपण जवळजवळ पोहोचलो आहोत, असे किंग लिहितो. 'जवळजवळ' हा शब्द त्याचाच. दार त्याने पूर्ण लावून घेतलेले नाही.

पत्राची भाषा नम्र आहे, आणि ही नम्रता काहींना खटकते. मला ती हत्यारासारखी वाटते. पत्रात कोणाकोणाचे दाखले येतात ते पाहा. ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस येतात: ते कॅथलिक बिशपासाठी. मार्टिन बूबर येतो: तो रब्बीसाठी. पॉल टिलिक, राइनहोल्ड नीबूर आणि ल्यूथर येतात: ते प्रॉटेस्टंटांसाठी. नबुखद्नेस्सर राजाची आज्ञा मोडणारे शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे सर्वांसाठी. प्रत्येकाला त्याच्याच घरातला पुरावा. तुमचा धर्म वाईट आहे, असे तो म्हणत नाही. तो विचारतो की तुमच्या धर्मात हे लिहिलेले आहे, तुम्ही ते वाचले आहे की नाही? आणि 'बाहेरचा' या आरोपाला उत्तर काय, तर पौलही गावोगाव बाहेरचाच होता. ज्या माणसांची उपजीविकाच पौलाच्या पत्रांवर प्रवचने देण्यावर चालते त्यांना हे उत्तर देणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

या नम्रतेत एकच जागा अशी आहे की जेथे बांध फुटतो. 'थांबा' या सल्ल्याला उत्तर देताना किंग एक वाक्य लिहितो. मूळ इंग्रजीत ते तीनशेहून अधिक शब्दांचे आहे. जमावाने मारलेले आईबाप, पोलिसांच्या लाथा, श्रीमंत समाजाच्या मध्यभागी दारिद्र्याच्या कोंदट पिंजऱ्यात गुदमरणारे लोक, प्रवासात कोणतेही विश्रामगृह जागा देत नाही म्हणून मोटारीतच काढलेल्या रात्री, प्रौढ माणसाला 'पोऱ्या' म्हणून मारलेल्या हाका आणि त्याच्या बायकोला कधीच न मिळणारे आदराचे संबोधन. मधोमध एक सहा वर्षांची मुलगी. दूरदर्शन संचावर जाहिरात केलेल्या करमणूक बागेत आपल्याला का जाता येत नाही, असे ती बापाला विचारते आणि बापाची जीभ अडखळते. हे सर्व अर्धविरामांनी जोडलेले. वाचकाला पूर्णविराम मिळतच नाही. त्याला थांबून राहावे लागते. थांबणे म्हणजे काय असते ते सांगण्याऐवजी लेखकाने वाचकाला थांबवून ठेवले आहे. आपल्याकडे गद्याच्या शैलीवर जे लिहिले जाते त्यात कारागिरी आणि अनुभव यांची फारकत करण्याची सवय आहे. या वाक्यात ती करून दाखवावी.

आता कायद्याचा प्रश्न. येथे आपल्या वाचकाने सावध राहिले पाहिजे, कारण येथे किंगचा अनुभव आणि आपला अनुभव उलट दिशांनी चालतात. किंग म्हणतो की कायदे दोन प्रकारचे: न्याय्य आणि अन्याय्य. जो कायदा बहुसंख्य लोक अल्पसंख्यांवर लादतात आणि स्वतः पाळत नाहीत, ज्याच्या घडणीत त्या अल्पसंख्यांना मताचा अधिकारच नव्हता, तो अन्याय्य. तो उघडपणे मोडावा आणि शिक्षा आनंदाने भोगावी. हे वाचताना आपल्याला महाड आठवणारच. पण महाडचा कायदा आपल्या विरोधात नव्हता. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले होते. त्या कायद्याआड रूढी उभी होती. १९२७ च्या मार्च महिन्यात बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी घेतले ते कायदा मोडण्यासाठी नव्हे, तर तो अमलात आणण्यासाठी. आणि डिसेंबरमध्ये सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला तेव्हा बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मनुस्मृती मात्र जाळली. तळ्याचा निकाल उच्च न्यायालयातून अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

एकाने मनाई हुकूम मोडला, दुसऱ्याने पाळला. तेव्हा एक क्रांतिकारक आणि दुसरा कायदेपंडित, असा सोपा हिशेब काही जण मांडतात. तो खोटा आहे. किंगनेही १९६२ साली ऑल्बनी येथे संघराज्याच्या न्यायालयाचा हुकूम पाळला होता. बर्मिंगहॅमचा हुकूम अलाबामा राज्याच्या न्यायालयाचा होता, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढा त्यांच्याच घरचा. दोघेही एकच प्रश्न विचारीत होते: हे न्यायालय कोणाचे आहे आणि उद्या आपल्याला कोणाच्या दारात जायचे आहे? बाबासाहेबांना सनातन्यांशी लढायचे होते. त्याच वेळी सरकारशीही लढाई उघडणे त्यांना परवडणारे नव्हते. किंगला अलाबामाशी लढताना वॉशिंग्टन आपल्या बाजूला ओढायचे होते. पत्रातील कायद्याचे तत्त्वज्ञान सुंदर आहे, परंतु त्यामागचा हा व्यवहार पत्रात दिसत नाही.

पत्राचा सर्वात जड भाग चर्चविषयीचा आहे, आणि माझ्या मते सर्वात टिकाऊही तोच. किंग पाळकाचा मुलगा, पाळकाचा नातू, पाळकाचा पणतू. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या वेळी, १९५५–५६ मध्ये, गोरे पाळक आपल्या बाजूने उभे राहतील असे त्याला वाटले होते. काही उघड विरोधात गेले, बाकीचे रंगीत काचांच्या खिडक्यांआड स्वस्थ बसले. हा विश्वासभंग पत्रभर ठसठसतो. दक्षिणेतील चर्चचे उंच मनोरे पाहून तो स्वतःला विचारतो, येथे कोणत्या प्रकारचे लोक उपासना करतात? यांचा देव कोण? प्रश्न नुसता रागाचा नाही. त्याला इतिहास आहे. काळ्या ख्रिस्ती माणसांना गोऱ्या चर्चमध्ये गुडघे टेकू दिले नाहीत, म्हणूनच १८१६ साली रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःचा पंथ उभा केला. सदर्न बाप्टिस्टांचा महासंघ १८४५ साली जन्मला तोच गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता यावे या वादातून, आणि त्याबद्दल त्यांनी माफी मागितली ती १९९५ साली. दीडशे वर्षांनी. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन करताना किंग तापमापकाची प्रतिमा वापरतो. ती मंडळी समाजाचे तापमान नुसते मोजत नव्हती, ते बदलत होती. आजचे चर्च हे बळ परत मिळवणार नसेल तर तो एक कामातून गेलेला सामाजिक क्लब होईल, असा इशारा तो देतो.

आणि तरीही तो अपवाद नोंदवतो. आठांपैकी बाप्टिस्ट पाळक अर्ल स्टॉलिंग्ज यांनी त्याच ईस्टरच्या रविवारी काळ्या उपासकांना आपल्या चर्चमध्ये बसू दिले होते; त्यांचे नाव घेऊन किंग आभार मानतो. या एका नावामुळे पत्राची नैतिक पत वाढते असे मला वाटते. स्टॉलिंग्ज यांना मात्र दोन्ही बाजूंनी सोसावे लागले: स्वतःच्या मंडळीतून रोष, आणि जगभर 'त्या आठांतील एक' ही ओळख. कॅथलिक साहाय्यक बिशप जोसेफ ड्यूरिक पुढे नॅशव्हिलला गेले आणि तेथे उघडपणे नागरी हक्कांच्या बाजूने उभे राहिले. माणूस बदलू शकतो, पण त्याला कोणीतरी पत्र लिहावे लागते.

इतके श्रेय दिल्यावर आता दोष. पत्र ज्यांना लिहिले ते गोरे. पत्रात ज्यांची झाडाझडती होते तेही गोरेच. बर्मिंगहॅममधील अनेक काळे पाळक आणि बरेच सुस्थित काळे लोक या आंदोलनाबद्दल साशंक होते. त्यांची मने वळवण्यासाठी आपल्याला किती धावपळ करावी लागली ते किंगने स्वतः १९६४ च्या पुस्तकात सांगितले आहे. पत्रात स्वस्थ बसलेल्या मध्यमवर्गीय काळ्यांविषयी एखादे वाक्य येते आणि निसटते. काळ्या चर्चच्या नेतृत्वाचा हिशेब मांडला जात नाही. समोर शत्रूची छावणी असताना घरातली भांडणे चव्हाट्यावर आणू नयेत, हे डावपेच म्हणून समजते. परंतु धर्मनेतृत्वाविषयीचा दस्तऐवज म्हणून वाचताना ही पोकळी दिसते. दुसरे असे की पत्रात कर्ते पुरुष आहेत. माँटगोमेरीतील पाय दुखणारी वृद्धा शेवटी येते, तीही दृष्टान्तासारखी. मे महिन्यात शाळकरी मुले-मुली शेकड्यांनी रस्त्यावर आली, सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनरने त्यांच्यावर कुत्री आणि पाण्याचे बंब सोडले, आणि मगच १० मे रोजी शहरातील व्यापाऱ्यांशी समझोता जाहीर झाला. शहर हलले ते पत्राने नव्हे, मुलांनी.

मुलांनी त्याची किंमतही दिली. १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या, आणि डेनिस मॅकनेर अकरा वर्षांची. पहिला गुन्हेगार दोषी ठरायला १९७७ साल लागले, शेवटचा २००२ साली. तिघींच्या अंत्यविधीच्या प्रवचनात किंग पुन्हा पाळकांकडेच वळला: रंगीत काचांआड सुरक्षित बसून गप्प राहिलेल्या प्रत्येक धर्मगुरूला या मुलींचे काहीतरी सांगणे आहे, असे तो म्हणाला. अन्यायाशी निमूट जुळवून घेतलेल्या काळ्यांनाही त्याने त्याच दमात सुनावले. एप्रिलच्या पत्रात जे राहून गेले होते ते सप्टेंबरमध्ये शवपेट्यांसमोर बोलले गेले. पत्र आणि हे प्रवचन एकत्र छापले पाहिजे आणि एकत्र शिकवले पाहिजे.

आपल्या बाजूला या विषयावरचे सर्वात रोखठोक लेखन बाबासाहेबांचे आहे, आणि तेही आपण फारसे वाचत नाही. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची अवस्था यांवरील त्यांचे दोन निबंध महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत पाचव्या खंडात १९८९ साली आले. मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने यांचे ऋण ते नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप असा की चर्चने धर्मांतरितांमधली जात मोडण्याचे मनावर घेतले नाही, आणि तुमचे दुःख तुमच्या पापातून आले आहे ही शिकवण देऊन ज्या समाजरचनेने त्याला चिरडले तिच्याकडून त्याची नजर दुसरीकडे वळवली. १९३८ च्या १ जानेवारीला सोलापुरात ख्रिस्ती समाजासमोर बोलताना त्यांनी राजकीय दुबळेपणाबद्दल या समाजाला तोंडावर सुनावले होते. किंग चर्चचा मुलगा म्हणून बोलतो. बाबासाहेब, १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर ज्याच्या दारी सर्व धर्मांची आमंत्रणे आली, त्या पाहुण्याच्या डोळ्याने घर तपासतात. मुलाला घराविषयी आशा ठेवावीच लागते. पाहुण्यावर तशी सक्ती नसते, म्हणून त्याला भिंतीच्या भेगा लवकर दिसतात. (१९५९ साली किंग भारतात आला तेव्हा बाबासाहेबांना जाऊन दोन वर्षे झाली होती. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी दलित मुलांना त्याची ओळख 'अमेरिकेतील अस्पृश्य' अशी करून दिली. आधी तो दचकला, मग विचार करून त्याने ते मान्य केले, असे त्याने १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले आहे.)

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले आणि पुढे गावोगावच्या महारवाड्यांनी व मांगवाड्यांनी ती चर्चे भरली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ख्रिस्ती म्हटले की बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' थोर पुस्तक आहे याबद्दल वाद नाही. पण चर्चच्या मागच्या बाकावर सतरंजी घालून बसणारी माणसे वाङ्मयात आणि धर्मशास्त्रातही उशिरा आली. भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी परंपरेशी संवाद करण्यातच गुंतले, मंडळीतील बहुसंख्य दलित त्यात नव्हते, हे अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात मांडले तेव्हा ते नवे वाटले. यावरून उशीर किती झाला होता ते कळते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. धर्माची अट काढावी असे रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली म्हटले. २०२२ साली न्या. बाळकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. या प्रश्नावर चर्चचे नेते निवेदने देतात, मोर्चे काढतात, आणि ते योग्यच आहे. पण तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी पाडणारी भिंत सरकारने बांधलेली नव्हती. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद आहे आणि ते पाप आहे हे लेखी मान्य केले. २०२२ साली अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. ही पावले मी लहान मानीत नाही. मात्र धोरण बिशपांनी लिहिले आहे. बर्मिंगहॅमचे पत्र कोठडीतून बिशपांकडे गेले होते. आपल्याकडील मागच्या बाकावरच्या माणसाने स्वतःच्या बिशपाला, स्वतःच्या मराठीत, नावानिशी लिहिलेले असे पत्र मी शोधतो आहे. कोणाच्या घरात, मंडळीच्या जुन्या दप्तरात किंवा एखाद्या बंद पडलेल्या ख्रिस्ती मासिकाच्या फायलीत ते असेल, तर या अंकाच्या वाचकांनी त्याची नक्कल संपादकांकडे पाठवावी.